फ्लॅशस्पर्शनिर्णय

पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी 1612 मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. त्यांचे पुतणे गागाभट्ट 1674 मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. एकादशी कोणती धरावी, ग्रहणात काय वर्ज्य, सुतक किती दिवसांचे, सगळ्याचा निकाल या पंडितांनी लावून ठेवला. एक प्रश्न तेवढा राहिला: फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवावा की नाही? ती उणीव भरून काढण्यासाठी मीमांसकांच्या पंचांगी पद्धतीने हे अधिकरण रचले आहे.

विषय. स्थळ दुर्गाघाटामागची मराठी वस्ती, प्रसंग मुंजीचा. फोटोग्राफरच्या गळ्यात डीएसएलआर आणि हातात व्हिव्हिटार 283. सेलचे झाकण रबरबँडने आवळलेले. बटण सरकवले की बारीक शिटी वाजते, सूर चढत जातो आणि मागचा दिवा लागतो. मातृभोजनाला बटू आईच्या पानात बसला आहे आणि फ्लॅश कॅमेऱ्याच्या हॉट शूपासून बोटभर अंतरावर आहे.

संशय. फ्लॅशच्या पायाचा मधला बिंदू आणि कडेचा धातू यांच्यात व्होल्टेज असते. शटर उघडताच कॅमेरा ही दोन टोके जोडतो आणि फ्लॅश उडतो. जुन्या कॅमेऱ्यात हे काम धातूच्या पट्ट्या करीत. दोनशे व्होल्ट आले तरी त्यांचे काही बिघडत नसे. डिजिटल बॉडीत तिथे नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच बसला आहे. तात्पर्य, कॅमेरा सोवळ्यात आहे आणि फ्लॅश कुठून कुठून फिरून आलेला आहे. शिवावे की नाही?

पूर्वपक्ष. पहिले मत खुद्द फोटोग्राफरचे: “गुरू, अबहीं चलत हौ!” दुसरे मत कुलाभिमान्यांचे: शेजाऱ्याचा 283 चालला, तेव्हा आमचाही चालणारच. तिसरे निकॉन संप्रदायाचे. त्यांच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत हॉट शूसाठी 250 व्होल्टांची मर्यादा छापलेली असते, म्हणून ते निर्धास्त.

उत्तरपक्ष. पहिले मत टिकत नाही, कारण आजवर चालणे हा उद्याचा पुरावा नव्हे. स्विच जळतो तो सूचना देऊन जळत नाही. दुसऱ्या मतात गोत्र पाहिलेले नाही. जपानी बनावटीच्या जुन्या 283 मध्ये दोनशेहून अधिक व्होल्ट आढळतात, नंतरच्या इतर देशांतल्या बनावटीत बहुधा दहाच्या आसपास. नाव एक, कुळे दोन. शिवाय खालचे लेबल घासून गेलेले. तिसरे मत निकॉनपुरते ग्राह्य, तेही पुस्तिका वाचून. कॅननच्या सुरुवातीच्या डिजिटल बॉडींबाबत सहाच व्होल्टांची परंपरा सांगतात, आणि आयएसओ 10330 हे प्रमाण 24 व्होल्टांचे आहे. तीन स्मृतींत विरोध आला, की कडक ती पाळावी.

निर्णय. आधी मल्टिमीटर आणावा. फ्लॅश पूर्ण चार्ज करून, डीसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर, तांबडी पिन मधल्या बिंदूला आणि काळी कडेच्या धातूला लावावी. आकडा आपल्या कॅमेऱ्याच्या मर्यादेत असेल तर स्पर्शास दोष नाही. उघडून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या घरात व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते रेंगाळतात.

स्पर्श घडल्यावरचे आचार असे. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवावा. शटर 1/200 किंवा त्याहून संथ, नाहीतर पडदा आडवा येऊन बटूचे अर्धे अंग काळ्या पट्ट्यात जाते. फिल्मच्या काळातल्या टीटीएलची आशा सोडावी, कारण ती फिल्मवरून परतणारा उजेड मोजत असे आणि सेन्सर तसा परतवत नाही. त्याऐवजी फ्लॅशच्या पोटावरचा डोळा वापरावा: चकती आणि कॅमेरा यांवर आयएसओ व ॲपर्चर सारखेच लावले, की पुरेसा उजेड परत येताच तो डोळा फ्लॅश आवरतो.

आकडा मर्यादेबाहेर गेला तर अस्पर्श मार्ग आहे. फ्लॅशला ऑप्टिकल स्लेव्ह जोडून तो कोनाड्यात ठेवावा. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश लकाकला की तोही उडतो, शिवाशिव नाही. छोटा फ्लॅश मॅन्युअलवर हवा. टीटीएलवर तो आधी मोजणीची चमक टाकतो आणि कोनाड्यातला मुहूर्ताआधीच अक्षता टाकून मोकळा होतो.

आनुषंगिक प्रश्न: दशाश्वमेधाची गंगा आरती नावेतून टिपताना कोणता फ्लॅश विहित? 283 चा गाइड नंबर 36. आयएसओ 100 आणि एफ 4 वर पल्ला नऊ मीटर. नाव चाळीस मीटरांवर असेल तर पुरोहितापर्यंत पोचणारा उजेड गरजेच्या सुमारे विसावा हिस्सा. पुढच्या नावेतल्या यात्रेकरूंची टाळकी मात्र लख्ख उजळतात. म्हणून आरतीला सोवळा फ्लॅशही निषिद्ध. आयएसओ वाढवावा आणि हात स्थिर ठेवावा.

या निर्णयाविरुद्ध कोणाला वाद घालायचा असल्यास त्याने स्वतःचा कॅमेरा घेऊन यावे. दक्षिणा चार पेन्सिल सेल. अल्कलाइन असल्यास पुण्य अधिक.