साखर सोडली, पोहे राहिले

पुण्यात मधुमेहाचं निदान झालं की माणूस पहिल्यांदा चहातली साखर बंद करतो. मग बिनसाखरेच्या चहाबरोबर डिशभर पोहे खातो, आणि 'गोड तर काहीच खात नाही, तरी शुगर वाढतेच कशी' म्हणून डॉक्टरांपुढे हताश होऊन बसतो. दोष त्याचा नाही. हिशोब त्याला कोणी मांडून दाखवलेलाच नसतो.

तो असा आहे. चहातली चमचाभर साखर ५ ग्रॅम. ६० ग्रॅम कोरडे पोहे भिजवून फोडणीला टाकले की एक भरलेली डिश होते आणि तिच्यात साधारण ४५ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे सोडली त्याच्या नऊपट पोटात गेली, तीही सकाळी नऊच्या आत. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. चतुर्थीला खिचडीची डिश संपवून 'आज उपवास होता' असं सांगणाऱ्याच्या रक्ताला उपवास घडलेलाच नसतो. ज्यांच्याकडे ग्लुकोमीटर आहे त्यांनी तो फक्त सकाळी उपाशीपोटी वापरू नये. पोहे खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा बोट टोचून बघावं. भाषणापेक्षा तो आकडा जास्त शिकवतो.

दुसरी समजूत भाकरीची. पोळी वाईट, ज्वारी औषध! ज्वारी चांगलीच आहे. तिच्यात तंतू आहेत, पोटाला आधार आहे. पण ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या कर्बोदकांत फार मोठा फरक नाही. आयसीएमआर आणि चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने देशभर केलेल्या 'इंडियाब' पाहणीतला आहाराचा भाग २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असं त्यात दिसलं. नुसतं पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणून धोका कमी होत नाही, एकूण कर्बोदकंच कमी व्हायला हवीत, हेही त्यात स्पष्ट आहे. पिठाची पिशवी बदलणं सोपं. पोळ्यांची संख्या बदलणं जड जातं, म्हणून पिशवी बदलते.

किती कमी करायचं? याच गटाने २०२२ मध्ये हिशोब मांडला होता: नव्याने मधुमेह झालेल्याला तो मागे हटवायचा असेल तर कर्बोदकं ४९ ते ५४ टक्क्यांवर आणि प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास. दिवसाला १८०० उष्मांक खाणाऱ्या माणसाने ६२ वरून ५० टक्क्यांवर यायचं म्हणजे रोज सुमारे ५५ ग्रॅम कर्बोदकं कमी. पोळीच्या भाषेत, तीन घडीच्या पोळ्या. एवढंच आहे हे. त्यासाठी कोणाला कीटोच्या नावाने महागडे बदाम-पिठाचे ब्रेड मागवण्याची गरज नाही. त्या तीन पोळ्यांच्या जागी काय येतं, हा खरा प्रश्न, आणि तिथे आपलं स्वयंपाकघर तोकडं पडतं. सहा माणसांना वाटीभर तुरीची डाळ, तीही पातळ करून वाढलेली; आमटीत डाळ शोधावी लागते. उसळ तोंडीलावण्यापुरती दोन चमचे. मटकीची उसळ मुख्य पदार्थ आणि पोळी तोंडीलावणं, असं ताट पुण्यात का मांडलं जात नाही? अंडी, दही, पनीर, मासे, डाळ जे घरात चालतं ते वाढवा, पण वाढवा.

बारीक दिसणाऱ्यालाही मधुमेह होतो, हे तर या शहराला आधी कळायला हवं होतं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांपासून त्यांनी अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी बारीक. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्या शेजारी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. 'आमचा हा तर काटकुळा आहे, त्याला कुठली शुगर' हे वाक्य त्या एका पानाने खोटं ठरवलं, आणि तरी ते आजही प्रत्येक सोसायटीत ऐकू येतं.

घरातल्या कोणाचंच नाव न घेता एक गोष्ट बोलायची राहते. पथ्य मिळतं आजोबांना आणि ते सांभाळते सून. 'अहो बाबा, अर्धी तरी घ्या, गरम आहे,' हा आग्रह प्रेमाचा, पण तव्याजवळचा तो आग्रह थांबल्याशिवाय कुठलाही आहार टिकत नाही. बाबांचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं असा स्वयंपाक महिनाभरच चालतो. २०२१ मध्ये 'बीएमजे'त कमी कर्बोदकांच्या आहाराच्या २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. सहा महिन्यांनी मधुमेह मागे हटलेले लोक या आहारात जास्त होते. वर्षाअखेर तो फरक बराच विरला. श्रावण, गणपती, दिवाळी, लग्नसराई असं सगळं वर्ष पार करायचं तर सगळ्या घराचंच ताट बदलावं लागतं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा दोन वेळा जेवण्याचा विचार मराठी घराघरांत पोचवला, तो पसरला याचं एक कारण मला हेच वाटतं की नवरा-बायको जोडीने तो करू लागले.

आणि आता जे सर्वांत तातडीचं. व्हिडिओ बघून सोमवारपासून पोळी-भात बंद करणारे आणि गोळ्या तशाच चालू ठेवणारे लोक पाहिले की मला भीती वाटते. ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना ताटातून कर्बोदकं एकदम गेली तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, दुचाकी चालवताना हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर फारच कडक पथ्याने रक्तात कीटोन साचू शकतात, आणि तेव्हा ग्लुकोमीटरचा आकडा बराचसा ठीकही दिसू शकतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर 'ॲसिडिटी आहे' म्हणून झोपून राहू नये. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती वाढवायची तेही विचारूनच.

उलट्या बाजूने, गोळ्या आपल्या मनाने फेकून देणंही तितकंच घातक. औषधाशिवाय निदान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिला तरच मधुमेह मागे हटला असं धरतात, आणि तो परतही येऊ शकतो. म्हणून माझं मागणं डॉक्टरांकडे आहे. 'भात-साखर वर्ज्य' एवढंच छापलेला झेरॉक्स कागद पेशंटच्या हातात देऊ नका. आजपासून तीन पोळ्या कमी, तर कोणती गोळी किती कमी, आणि पुन्हा रक्त कधी तपासायचं, हे त्याच कागदावर मराठीत लिहून द्या. आणि तो कागद देताना घरी स्वयंपाक कोण करतं ते विचारून त्यांनाही आत बोलवा.