मीनाताईंची पर्स

मीनाताईंना तुम्ही ओळखता. तुमच्या सोसायटीत त्यांचं नाव वेगळं असेल, एवढंच. पावशेर भेंडी घेताना चार शेंगांची टोकं मोडून बघणारी, आणि एके दिवशी अचानक लुई व्हितॉंची पर्स खांद्याला लावून भिशीला येणारी बाई.

या पर्सची किंमत किती, हे कोण विचारतंय त्यावर ठरतं. सासूबाईंना सांगितलं, ‘लिंकिंग रोड, पंधराशे.’ सासूबाई म्हणाल्या, ‘लुटलं तुला. आठशेला देतात.’ यजमानांना सांगितलं, ‘सेलमध्ये मिळाली.’ ही कंपनी सेल लावत नाही, हे यजमानांना ठाऊक नाही. संसार सुरळीत आहे. नणंदेला सांगितलं, ‘मुलाने अमेरिकेहून पाठवली.’ नणंदेने त्याच रात्री भाच्याला फोन लावला, ‘आत्याला विसरलास होय रे?’ ते पोर अजून खुलासे देतंय. भिशीत मात्र त्या आकडा सांगतच नाहीत. नुसतं ‘अगं, जाऊ दे’ म्हणतात. त्या ‘जाऊ दे’वर किती शून्यं आहेत, हे बायकांना बरोबर कळतं.

खरी किंमत मला माहीत आहे, कारण बिल माझ्या कपाटात लपवलेलं आहे. तेवढ्यात नवी स्कूटर आली असती, हेल्मेटसकट.

बरं, पर्स सगळी चामड्याचीही नाही! लेप दिलेलं कॅनव्हास. चामडं पट्ट्यांना, तेही असं नाजूक की थेंब पडला की डाग. मुंबईच्या जुलैत ही वस्तू! पाऊस आला की मीनाताई तिला साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळतात आणि स्वतः भिजतात. नकला होऊ नयेत म्हणून व्हितॉंच्या मुलाने १८९६ मध्ये तिच्यावरची ती फुलं आणि अक्षरं काढली म्हणे. ती फुलं आज फुटपाथवर ढिगाने मिळतात. हे सगळं मी त्यांना ऐकवलं. त्यांना ते माझ्याआधीच पाठ होतं.

रात्री उशिरा फोन येतो. ‘चुकलं का गं माझं? परत करू?’

‘करा.’

‘नको.’

आणि मग त्या पर्सच्या आतल्या अस्तराचं वर्णन करतात. मी झोपेत हुंकार भरते.

तीस-एक वर्षं बाई बँकेत कॅशवर बसल्या. दिवसभर लोकांच्या नोटा मोजायच्या, आणि खांद्याला डब्याची रेक्झिनची पिशवी. तिचा बंद चांभाराने दोनदा शिवलेला. पगार फ्लॅटच्या हप्त्यांत गेला, मुलाच्या इंजिनिअरिंगला गेला, यजमानांच्या गाडीला गेला. गाडी आली तेव्हा किंमत विचारायला कुणी थांबलं नाही. पेढे वाटले. पर्सचे पेढे कुणी मागितले नाहीत, फक्त हिशेब मागितला. म्हणून तर त्यांच्या थापांचा मला हल्ली राग येत नाही. फारसा.

परवा लोकलच्या लेडीज डब्यात कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, ‘काकू, फर्स्ट कॉपी ना? मस्त जमलीये.’

आता पंधराशे म्हणणार, असं मी धरूनच चालले होते. पण मीनाताई ताठ बसल्या आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात खरा आकडा सांगून मोकळ्या झाल्या.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग ती मुलगी खो खो हसली. ‘काकू, भारी जोक मारता तुम्ही!’ क्लिपा विकणारी बाईसुद्धा हसली.

सगळ्यांत जास्त हसल्या मीनाताई. डोळे पुसत त्यांनी पर्समधली मेथीची जुडी बाजूला सारली, खालून राजगिऱ्याची वडी काढली आणि त्या मुलीच्या हातावर ठेवली.