किडींची बडदास्त

थाइमचं पान चुरगळलं की ओव्याचा वास येतो, कारण दोघांच्या अंगात थायमॉल हे एकच रसायन. मधमाश्या पाळणारे लोक पेट्यांतले व्हरोआ कोळी मारायला हेच थायमॉल वापरतात. म्हणजे लेकीने पिझ्झ्यासाठी हौसेने बाल्कनीत लावलेलं थाइम जन्मजात कोळीमारक. तरी त्याच्यावरच लाल कोळ्यांनी संसार थाटला. "दिव्याखाली अंधार," सासूबाई म्हणाल्या आणि लसूण सोलू लागल्या.

लाल कोळी ओळखायला पांढरा कागद लागतो. फांदी त्यावर झटकायची. पडून राहते ती धूळ, चालू लागतो तो कोळी. अंगाने जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण पाय आठ, म्हणून शास्त्राच्या हिशेबी तो कीटकच नव्हे. मी भिंग घेऊन पाय मोजायला बसले, तेव्हा "आधी मार, मग मोज," असा सल्ला आला. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात अंड्यातून निघालेलं पोर आठवड्याभरात कर्तं होतं. पानांवर फिकट ठिपके, फांद्यांत बारीक जाळी. उपाय सोपा: पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा. पान तिळाएवढं, आता त्याची खालची बाजू शोधा!

कोळी आटोक्यात येतात तोवर कोवळ्या शेंड्यांवर मावा हजर. उन्हाळ्यात याच्या मादीला नर लागत नाही, अंडी घालण्याइतकीही फुरसत नसते. थेट पिल्लंच होतात, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. मी हे रंगवून सांगितलं. सासूबाईंनी एवढाच निष्कर्ष काढला, "म्हणजे लग्नाचा खर्च वाचला." माव्याच्या अंगातून गोड चिकट रस पाझरतो आणि त्याच्या लोभाने मुंग्या त्याची राखण करतात. कुंडीवर मुंग्यांची रांग चढताना दिसली की वर मावा बसलाय, हे ओळखावं.

लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल, वर साबणाच्या पाण्याचे चार थेंब. उन्हात पानं करपतात, म्हणून फवारणी संध्याकाळी. मी पंप भरून उभी, तर शेंड्यावर लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा शांतपणे मावा खात बसलेला. हा माव्याचा काळ, आणि याच्या अळ्या याच्याहून खादाड. निंबोळी तेलाने त्या अळ्यांनाही इजा होते, तेव्हा पंप खाली ठेवला.

पण मावा संपला की हा पाहुणा दुसऱ्याच्या बाल्कनीत जाणार. म्हणून दोन फांद्यांवरचा मावा मी मुद्दाम राखलाय. तिथे पाणी मारत नाही, मुंग्यांनाही हटकत नाही. सकाळी चहाआधी मावा पुरेसा आहे ना, ते बघून येते.

"कीड मारायला निघालीस," सासूबाई म्हणाल्या, "आणि खानावळ काढून बसलीस."