सदर फाइल उघडत नाही

चहा घ्या, मग सांगतो. आमच्या अमरावतीच्या छोट्या वाचनालयाची पुस्तकयादी 1999 साली एका मुलानं उन्हाळ्याच्या सुट्टीत मायक्रोसॉफ्टच्या अॅक्सेसमध्ये भरून दिली. तो संगणक भंगारात गेला, मुलगा पुण्याला गेला, राहिली एक एमडीबी फाइल. तपासणीसाठी यादी सादर करायची म्हणून ती उघडायला गेलो, तर कशानं उघडायची हे संगणकानं मलाच विचारलं.

ऑफिस पैसे मोजून घेतलं होतं. त्यात वर्ड आहे, एक्सेल आहे, अॅक्सेस नाही. आम्ही घेतलेल्या घरगुती आवृत्तीत ते नव्हतंच. शेवटी नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. सगळीकडे चौकोन आणि प्रश्नचिन्हं, पण पहिल्याच ओळीत स्वच्छ इंग्रजीत 'स्टँडर्ड जेट डीबी', म्हणजे अॅक्सेसच्या आतल्या इंजिनाचं नाव. पुस्तकं आमची, नोंदी आमच्या, आणि वाचता येतं ते फक्त कुलूप बनवणाऱ्याचं नाव. हे मला सहन होत नाही.

बडनेऱ्याहून गाडी धरली, अकोल्याला भाच्याकडे गेलो. "मामाजी, हे 97 चं हाय. नवं अॅक्सेस आणलं तरी नाई उघडत," तो म्हणाला. खरंच आहे; 2013 च्या आवृत्तीपासून अॅक्सेस 97 च्या फायली उघडणं बंद. आपणच बनवलेली फाइल आपणच नाकारायची, याला काय म्हणावं?

भाच्यानं लिनक्सवर एमडीबी-टूल्स चालवलं. फुकटचं आहे. एका आज्ञेनं तक्त्यांची नावं आली, दुसरीनं सगळी यादी सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या फायलीत, उतरली. माझा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच. मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं: आय, क्यू, एल, आर, डी. अर्धा तास दोघं त्याकडे बघत होतो. मग भाच्यानं ती अक्षरं कृतिदेव फॉन्टमध्ये टाकली आणि पडद्यावर 'पुस्तक' उमटलं. मुलानं टंकलं होतं मराठी. साठवली गेली होती इंग्रजी अक्षरं. मराठीपण फक्त फॉन्टमध्ये होतं, आणि फॉन्टचं नाव कुठंच लिहून ठेवलेलं नव्हतं.

आता ती यादी युनिकोडमध्ये बदलतोय, ओळ न् ओळ तपासून. तुमच्या संस्थेत अजून अॅक्सेस चालू असेल तर आजच प्रत्येक तक्ता सीएसव्हीत काढा, आणि फॉन्टचं नाव कागदावर लिहून दफ्तरी लावा.