तारीख पक्ष्यांची, वेळ पाहुण्यांची

पक्ष्यांना सध्या चांगले दिवस आले आहेत, निदान कॅलेंडरवर तरी. चिमणीला 20 मार्च मिळाला. गिधाडांना सप्टेंबरचा पहिला शनिवार. स्थलांतरितांना मे आणि ऑक्टोबरमधला दुसरा शनिवार, कारण जाताना आणि येताना दोन्ही वेळा सत्कार नको का? पाणथळीला 2 फेब्रुवारी, तिवरांना 26 जुलै. महाराष्ट्र सरकारने तर 2020 पासून अख्खा आठवडा देऊन टाकला. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा, आणि या दोघांच्या मध्ये पक्षी सप्ताह. हरियाल राज्यपक्षी होताच. 2020 मध्येच पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवृक्ष झाली, 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झालं. पदव्यांचं वाटप जोरात आहे. पदवीधरांना राहायला जागा आहे का, हे विचारायची पद्धत आपल्याकडे माणसांच्या बाबतीतही नाही.

2025 च्या सप्ताहाचा पहिला दिवस त्रिपुरी पौर्णिमेलाच आला. रायगड जिल्ह्यात दिघीच्या बाजूला जत्रा होती आणि तिथे आमच्या पक्षीनिरीक्षण मंडळाला एक स्टॉल मिळाला. एका हाताला चुरमुरे-बत्ताशांचं दुकान, दुसऱ्या हाताला बंदुकीनं फुगे फोडायचा खेळ. पक्ष्यांच्या शेजारी बंदूक हे काही बरोबर नाही, अशी तक्रार आमच्या सेक्रेटरींनी संयोजकांकडे नोंदवली. पण इतिहास त्यांच्या बाजूने नव्हता. सलीम अलींची सुरुवात लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका रानचिमणीपासून झाली. तिचा गळा पिवळा का, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) गेले आणि तिथून परत आलेच नाहीत म्हणा ना. त्या हिशेबाने भावी पक्षितज्ज्ञ शेजारच्या स्टॉलवर घडत होते. आमच्याकडे फक्त पत्रकं होती.

पत्रकं गुळगुळीत कागदावरची, चार रंगांतली आणि इंग्रजीतली. ती पुण्यात छापून घेतली होती. मराठी मजकूर पुढच्या वर्षी, निधी आल्यावर. दिघीच्या लोकांनी मात्र ती हसतमुखाने घेतली. कागद जाड होता, बत्तासे बांधायला चांगला.

मंडळात वर्णव्यवस्था कडक आहे आणि ती लेन्सच्या लांबीवर ठरते. सहाशे मिलिमीटरवाले स्टॉलच्या सावलीत बसतात आणि एकमेकांशीच बोलतात. चारशेवाले त्यांचं ऐकतात. नुसती दुर्बीण असलेल्यांनी पत्रकं वाटायची. दुर्बीणही नसलेला एक कॉलेजचा मुलगा होता, त्याला सगळे पक्षी आवाजावरून ओळखू येत. त्याला पाण्याच्या बाटल्या आणायला पाठवलं होतं.

उद्घाटनाला पाहुणे येणार होते. आदल्याच दिवशी नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर होऊन आचारसंहिता लागली होती, म्हणून ते कुठल्याही पदाशिवाय, निव्वळ पक्षीप्रेमी या नात्याने आले. त्यांच्याबरोबर आणखी तीस-चाळीस पक्षीप्रेमी आले. दुर्बीण त्यांच्यातल्या एकाच्याही गळ्यात नव्हती, एकाच रंगाची उपरणी मात्र सगळ्यांच्या गळ्यात होती. फीत कापणं फार जुनं झालं, काहीतरी विषयाला धरून हवं, असं संयोजकांनी आधीच ठरवलं होतं. विषयाला धरून म्हणजे पांढरी कबुतरं. ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढं रण माजलं, प्रकरण हायकोर्टात गेलं. इथे तीच जात टेम्पोतून, भाड्याने, सन्मानाने आली. पाहुण्यांनी अकरा कबुतरं एकेक करून आकाशात सोडली, प्रत्येक वेळी कॅमेऱ्याकडे बघून. पाळलेलं कबूतर सुटलं की मालकाच्या खुराड्याची वाट धरतं. ती टेम्पोवाल्याच्या आधी घरी पोचली असणार. पक्ष्यांना मुक्त करण्याचा इतका किफायतशीर मार्ग दुसरा नाही. पुढच्या उद्घाटनाला तीच परत वापरता येतात.

मग स्टॉलवर गर्दी झाली. पक्ष्यांविषयी लोकांना कुतूहल नाही असं कोण म्हणतो? प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. भारद्वाज उजवीकडून दिसला तर जास्त लाभ की डावीकडून? रात्री घरावरून टिटवी ओरडत गेली तर काय करायचं? घुबडाचा फोटो लावलाय, तो काढता का, सोबत लहान मूल आहे. हा लांब चोचीचा खायला कसा लागतो? आणि सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला: यातून तुम्हाला मिळतं काय? काहीच मिळत नाही, असं उत्तर दिलं की समोरचा माणूस मान हलवायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, "बरोबर आहे, सांगायचं नसतं."

या शेवटच्या प्रश्नाला खरं तर रायगड जिल्ह्यातच उत्तर आहे. मुंबईच्या म्युझियममधली सलीम अलींची गाइड-व्याख्यात्याची नोकरी गेली, तेव्हा ते 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले. नोकरी नाही, वेळ भरपूर, आणि घराजवळ सुगरणींची वसाहत. ते मचाणावर बसून राहिले आणि त्यांनी जे पाहिलं ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं, नाव झालं. म्हणजे भारतीय पक्षीनिरीक्षणाच्या एका मोठ्या प्रकरणाचा पाया बेकारीत घातला गेला आहे. आज कुणी तरुण किहीमला झाडाखाली असा बसून राहिला, तर संध्याकाळच्या आत कुणीतरी त्याला प्लॉट दाखवायला घेऊन जाईल.

त्या निरीक्षणात काय निघालं ते ऐकण्यासारखं आहे. सुगरणीचा नर घरटं अर्धंच बांधतो. माद्या येऊन साइट व्हिजिट करतात. एखादीला पसंत पडलं तर ती ताबा घेते, नर उरलेलं काम उरकतो आणि लगेच पुढच्या अर्धवट घरट्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. श्रीवर्धन-दिवेआगरच्या रस्त्याला 'सेकंड होम'चे फलक पाहिले की या शोधनिबंधाचा कोकणात केवढा खोल परिणाम झालाय ते कळतं. फरक एवढाच की सुगरण आधीचं घरटं पाडून, वाडी तोडून, कंपाउंड घालत नाही. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने इथल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, आणि ज्या वाड्या वादळाने सोडल्या त्या आता ब्रोशरमध्ये उभ्या आहेत. 'पक्ष्यांच्या किलबिलाटात जागे व्हा' असं त्यात लिहिलेलं असतं. किलबिलाट कार्पेट एरियात धरतात की बिल्टअपमध्ये, एवढं विचारून घ्यावं.

दुपारी एक तरुण आला. पक्ष्यांकडे न बघता त्याने विचारलं, "दिघीच्या इंडस्ट्रियल एरियात भरती कधी आहे, काही कळलं का?" आमच्या टोप्यांमुळे त्याला आम्ही सरकारी वाटलो असणार. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने जी बारा औद्योगिक शहरं मंजूर केली त्यात दिघीचं नाव आहे: 6,056 एकर जमीन, 5,469 कोटी रुपये खर्च. रोजगाराचा अंदाज आहे 1 लाख 14 हजार 183. शेवटचे तीन म्हणजे बहुधा वॉचमन. आम्ही समोरच्या खाडीतले बगळे दुर्बिणीतून तीन वेळा मोजतो आणि तरी 'सुमारे' असं लिहितो; अजून उभ्या न राहिलेल्या कारखान्यांतली माणसं मात्र एककापर्यंत मोजून तयार आहेत. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिचं काम या लोकांकडे सोपवावं अशी सूचना मी मंडळाच्या बैठकीत मांडणार आहे. त्या तरुणाला मी एक पत्रक दिलं. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मागच्या कोऱ्या जागेवर स्वतःचा मोबाइल नंबर लिहून मलाच परत दिलं. काही निघालं तर कळवा म्हणाला. चेष्टा करायची इच्छा होती, पण तो पोरगा खरंच आशेवर होता.

आता मुख्य कार्यक्रमाकडे वळतो. तो खरा झाला सकाळीच, पण अशा गोष्टी सावकाश सांगाव्या लागतात. पाहुण्यांच्या हस्ते खाडीकाठी 'पक्षीनिरीक्षण फेरी' ठेवली होती. पाहुण्यांना दुपारी पलीकडे मुरुडला जायचं होतं, आगरदांड्याची फेरीबोट गाठायची होती, म्हणून वेळ ठरली अकराची. तारीख सरकारने ठरवलेली, वेळ पाहुण्यांनी. समुद्राला कुणीच विचारलं नव्हतं.

स्टॉलच्या टोकाला सुक्या मासळीची पाटी घेऊन एक मावशी बसल्या होत्या. आमचा लवाजमा निघाला तसं त्यांनी विचारलं, "कुठं निघालात एवढे?"

"मावशी, पक्षी बघायला. चिखलातले."

"आत्ता? आज पुनव ना?"

कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब पोरासोरांनाही येतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास निघतो. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. शिवाय पुनव-अवसेला उधाण, म्हणजे खाडी एरवीपेक्षा जास्त चढणार. तुतवार, चिखले, कुरल ही सगळी मंडळी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चोची खुपसून पोट भरतात. भरतीला तो चिखलच नसतो, तर ती तिथे का थांबतील? मावशींनी एवढं सगळं सांगितलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "चिखल पाण्याखाली असंल. पाच वाजता जा."

पाच वाजता पाहुणे मुरुडला असणार होते. आम्ही अकराला गेलो. तिवरांच्या बुंध्यापर्यंत पाणी चकाकत होतं. सहाशे मिलिमीटरच्या लेन्सा एका ओळीत उभ्या राहिल्या आणि पाणी बघू लागल्या. पाहुण्यांनी स्कोपला डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला, फोटो झाले. "फार सुंदर," ते म्हणाले. काय, ते कुणी विचारलं नाही. परतताना त्यांनी आश्वासन दिलं की इथे पक्ष्यांसाठी एक कायमस्वरूपी प्रकल्प करू: थोडा भराव घालायचा, वर पेव्हर ब्लॉक, आणि फायबरचे सहा फूट उंच फ्लेमिंगो. म्हणजे भरती असो की ओहोटी, पर्यटकांना पक्षी दिसलेच पाहिजेत. टाळ्या आमच्याही वाजल्या.

तेवढ्या वेळात स्टॉलवर दोघेच मागे राहिले होते, मावशी आणि पाण्याच्या बाटल्या आणणारा तो मुलगा. आम्ही परतलो तेव्हा तो नुसता उजळला होता. खाडीवरून एक मोठा पक्षी डोक्यावरून गेला होता, पायात साप घेऊन. पोट पांढरंशुभ्र, पंखांच्या कडा काळ्या, शेपटी आखूड. मुलाने तोंड उघडायच्या आधीच मावशी म्हणाल्या, "काकण." सागरी गरुडच तो. समुद्रसाप हे त्याचं आवडतं खाणं. किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर वर्षानुवर्षं तेच अवाढव्य घरटं वाढवत राहतो. पलीकडच्या गावातल्या कुठल्या आंब्यावर त्याचं घरटं आहे आणि ते झाड कुणाच्या वाटणीत गेलंय, तेही मावशींनी सांगितलं. अशीच रानातली आणि पाण्यावरची नावं गोळा करत चितमपल्लींनी 'पक्षीकोश' उभा केला. जूनमध्ये ते गेले. त्यांचा हार घातलेला फोटो स्टॉलवर मावशींच्या बरोबर पाठीमागे होता.

संध्याकाळी सेक्रेटरींनी अहवाल लिहायला घेतला. मुलाने सागरी गरुडाचं नाव सुचवलं. सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. "फोटो आहे?" नव्हता. "निरीक्षकाचं नाव काय लिहू? मासळीवाली?" मंडळाचे नियम स्पष्ट आहेत, पुराव्याशिवाय नोंद नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र. त्यामुळे पक्षी सप्ताहाच्या पहिल्या दिवशी दिघीच्या फेरीत एकच प्रजाती नोंदली गेली: कबूतर, पांढरं, संख्या अकरा. त्यांचे पुरावे भरपूर आहेत, आणि प्रत्येक फोटोत पाहुणेही स्पष्ट आले आहेत.