बोल्टांचे कुळशोधक

जोंगाला कोणी स्पोर्ट्‌स कार म्हणणार नाही. पण लष्करी लिलावातून ती दारात आली की मालकाला जग्वारवाल्यांचे सगळे रोग जडतात. १९६९ साली स्थापन झालेल्या जबलपूरच्या वाहन निर्माणीने निस्सानच्या परवान्यावर ही गाडी फौजेसाठी बांधली. ३,९५६ सीसीचे, सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन. तहान विचारू नका. मालकाला मात्र त्याची फिकीर नसते. तो भिंग घेऊन गाडीखाली उताणा : प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट मूळचे की मागाहून ठोकलेले?

ग्रीस खरवडायचे, आटे मोजायचे, माथ्यावरचा शिक्का वाचायचा. ८.८ म्हणजे सुमारे ८०० मेगापास्कल ताण सोसणारा बोल्ट. शिक्का ताकद सांगतो, जन्मदाखला देत नाही. फौजी वर्कशॉपात तर हाताशी आला तो योग्य मापाचा बोल्ट कसायचा आणि गाडी पुढे धाडायची, एवढाच शिरस्ता असणार. पण हे सांगायला जाणारा अरसिक ठरतो.

शेवटी झिजल्या आट्यांचे चार गंजके बोल्ट ‘अस्सल’ ठरतात, भक्तिभावाने परत बसतात. नव्या, दणकट बोल्टांची पुडी भंगारवाल्याकडे. पहिल्याच चढावर शाफ्ट खडखडतो. मालक कौतुकाने म्हणतो, “ऐकलंत? आवाजसुद्धा ओरिजिनल!”