वाळलेली स्केचपेनं, एकेकटे बूट

मुलांच्या संस्थेच्या दारात जुन्या वस्तूंची पिशवी ठेवली, की देणाऱ्याचं काम संपतं. पुढचं काम कोठीच्या खोलीत होतं आणि आमच्याकडे ते कॉलेजची मुलं-मुली करतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (एनएसएस) स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास सेवा करायची असते. पुण्यातल्या आमच्या संस्थेत असे विद्यार्थी शनिवारी येतात. त्यांचे हे तास कशात जातात ते मी बघते आणि मला राग येतो. तक्रारी बारीक आहेत, पण खऱ्या आहेत.

स्केचपेनांचंच घ्या. बारा रंगांचं पाकीट येतं, त्यातल्या निम्म्या पेनांना टोपण नसतं. मग कुणीतरी रद्दी कागद पुढ्यात घेऊन प्रत्येक पेनाची रेघ ओढून बघतं. पाच पाकिटांतून एक धड पाकीट निघालं तरी खूप झालं. काळा रंग तर हमखास संपलेला.

वह्यांची कथा याहून वाईट. पहिली दहा पानं गृहपाठाने भरलेली, बाकीची कोरी. देणाऱ्याला वाटतं, वाया कशाला घालवायची! पण वही मधोमध पिन मारलेली असते. पुढची दहा पानं फाडली की मागची दहा सुटून हातात येतात. अशी वही पाचवीतल्या मुलीला द्यायची कशी? शेवटी विद्यार्थी कोरी पानं सुटी करून कच्च्या कामासाठी गठ्ठे बांधतात. एका दुपारी एवढंच होतं.

शंभर तुकड्यांचं जिगसॉ कोडं पूर्ण आहे का, हे मोजून कळत नाही; तुकडे दुसऱ्या डब्यातलेही मिसळलेले असतात. ते जुळवूनच बघावं लागतं. परवा प्रथम वर्षाची एक मुलगी फरशीवर बसून हत्तीचं चित्र जुळवत होती. आधी कडा, मग गवत, मग आभाळाचे ते सगळे सारखेच दिसणारे निळे तुकडे. सगळं जुळलं आणि हत्तीच्या डोळ्याची जागा रिकामी राहिली. तिने खोक्यात तळापर्यंत हात घालून पाहिलं, पिशवी झटकली आणि कोडं मोडून रद्दीच्या पोत्यात टाकलं. ज्या घरातून ते आलं, तिथे तो तुकडा हरवल्याचं कुणाला तरी माहीत असणारच.

पायजम्यांना नाडी नसते. बूट एकेकटे येतात किंवा दोन्ही डाव्या पायाचे.

फोन घ्यायचं काम द्वितीय वर्षाच्या एका मुलाकडे आहे. वस्तूंच्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही, २००० रुपयांवरच्या रोख देणगीवरही मिळत नाही, हे त्याला पाठ आहे. तरी कपड्यांच्या बदल्यात पाच हजारांची पावती मागणारे त्याला ऐकवतात, “तुला काय कळतंय, मोठ्या माणसाला फोन दे.” तो मुलगा बरोबर सांगत असतो. आवाज चढवायचं काहीच कारण नसतं.

वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्यांना फोटो हवा असतो. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचा फोटो किंवा ओळख पटेल असा तपशील माध्यमांतून प्रसिद्ध करता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे दारात उभं राहून सांगायचं कुणी? पुन्हा एखादी अठरा वर्षांची मुलगीच सांगते, आणि पाहुणे तिच्यावर नाराज होऊन जातात.

एवढं करून विद्यार्थ्याने नोंदवहीत ‘वस्तूंची वर्गवारी’ लिहिलं, की कॉलेजात कुणीतरी विचारतं, “पण मुलांसाठी काय केलंस?” वाटपाच्या दिवशी बॅनर धरून उभं राहिलेल्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्यांत मोठा अन्याय हाच आहे. वाटपात मुलाच्या हातात धड वस्तू पडते, कारण आदल्या शनिवारी कुणीतरी ती तपासलेली असते. प्राध्यापकांनी एकदा कोठीत येऊन तासभर बसावं आणि मग नोंदवहीवर सही करावी.

आणि देणाऱ्यांना विनंती: स्केचपेनाची रेघ घरीच ओढून बघा. बुटांची जोडी नाडीने एकत्र बांधा. कोडं घरच्या मुलांकडून एकदा जुळवून घ्या. तपासायला वेळ नसेल तर जुनं काही देऊ नका, दहा कोऱ्या वह्या आणून द्या.